बाबांचे सात

नील आणि रीना, गेल्या महिन्यात रीनाने फोनवर मला विचारले, "आज्जी, तुम्ही भावंडं किती?" शाळेत वंशवृक्षाचे चित्र काढून न्यायचे आहे म्हणाली. मी म्हटले, आठ. त्यावर ती लगेच म्हणाली, "पण डॅडींनी तर सात सांगितले." फोन फार लांबचा, आवाज मागेपुढे होत होता, आणि काही गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नसतात. तुमच्या डॅडींची यात चूक नाही. भिंतीवर ज्यांचे फोटो होते आणि घरात ज्यांच्या गोष्टी निघत, तेवढे त्याने मोजले. माझे डोळे आता सकाळच्या उजेडात तासभर बरे चालतात. तेवढ्या वेळात रोज थोडे लिहून हे एकदा पुरे करावे असे मी ठरवले आहे. हात कापतो म्हणून अक्षर मोठे काढते आहे. तुम्ही दोघे मराठी सावकाश वाचता, तेव्हा ते तुमच्याही सोयीचे होईल.

आम्ही सोलापुरात मिशनच्या शाळेमागच्या आवारात राहत होतो. माझे वडील, म्हणजे बाबा, त्या शाळेत गणित शिकवत आणि सणासुदीला चर्चमध्ये कीर्तन करत. ख्रिस्ती माणूस कीर्तन कसे करतो असे तुम्ही विचाराल. जसे सगळे करतात तसेच. खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या, मागे मृदंग आणि पेटी, आणि कथा मात्र येशूची, नाहीतर योसेफाची आणि त्याच्या भावांची. बाबांचा आवाज खर्जातला होता. ते उभे राहिले की चर्चबाहेरचे टांगेवालेसुद्धा घोडे थांबवून ऐकत. घराची मागची भिंत विणकरांच्या गल्लीला लागून होती. तिथे तेलुगू बोलणारी कुटुंबे होती आणि त्यांच्या हातमागांचा खटखटाट सकाळी सुरू झाला की दिवेलागणीपर्यंत चाले. आम्हाला तो ऐकूच येत नसे. एखाद्या दिवशी माग बंद राहिले तरच आम्ही माना वर करून काय झाले म्हणून बघत असू. घड्याळ घरात एकच होते आणि ते बाबांच्या खिशात असायचे, त्यामुळे आई गिरणीच्या भोंग्यावर चालायची. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला तवा. ज्वारीची पातळ कडक भाकरी ती एकावर एक रचून फडक्यात बांधून ठेवी, आणि उखळात कुटलेल्या शेंगांच्या चटणीचा तेलकट, तिखट वास दुपारपर्यंत माजघरात राहायचा.

घरात अव्वा होती, बाबांची आई. ती दुधनीकडची. तिकडे आईला आणि आजीला अव्वा म्हणतात. तिचे सासर कुंभारीचे, मेंढरे राखणाऱ्यांचे घर. माझे आजोबा तरुणपणी बाप्तिस्मा घेऊन शहरात आले आणि त्यांचे थोरले भाऊ मेंढरे, शेत आणि देव सांभाळत कुंभारीलाच राहिले. अव्वा नवऱ्याबरोबर ख्रिस्ती झाली होती. ती प्रार्थना मराठीत करायची. रागवायची मात्र कानडीत.

आमच्याकडे पवित्र शास्त्राची एक मोठी प्रत होती. आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात ती गुंडाळलेली असे. तिच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर बाबांनी आम्हा मुलांची नावे लिहिली होती: शमुवेल, रूथ, पौल, मी मार्था, दानीएल, मरियम आणि योना. पौल तापाने गेला तेव्हा मी रांगत होते. पण त्याचे नाव होते, बाप्तिस्म्याची तारीख होती, म्हणून तो मोजला जाई. योनाच्या जन्मानंतर बाबांनी सातव्या ओळीखाली पट्टी धरून लाल शाईच्या दोन रेघा मारल्या. गणिताच्या मास्तरांना उत्तराखाली अशा रेघा मारायची सवय असते. सात हा आकडा त्यांना फार आवडला होता.

त्यानंतर दोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, आईला आणखी एक मुलगी झाली. पाळकसाहेब खेड्यांच्या दौऱ्यावर होते. ते आले की बाप्तिस्मा करू असे ठरले, पण पुढचा रविवार तिने पाहिला नाही. मिशनच्या सुताराने लहानशी पेटी करून दिली. बाबा आणि शमुवेल ती घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खोलीतून उठू शकत नव्हती. बाप्तिस्मा नाही म्हणून चर्चची घंटा झाली नाही, वहीत नोंद झाली नाही. अव्वाने आईचे दूध आटावे म्हणून मोगऱ्याची फुले आणवली आणि फडक्यात घालून तिच्या छातीला बांधली. त्या दिवसांत घरभर मोगऱ्याचा वास होता. अजूनही कुणी माझ्या हातात गजरा दिला की मी तो हळूच बाजूला ठेवते. देणाऱ्याला वाटते मला फुलांची हौस नाही.

आई उठून कामाला लागल्यावर तिने बाबांना एकदा सांगितले, "पुस्तकात तिचंही नाव घाला."

बाबा म्हणाले, "अगं, बाप्तिस्मा कुठं झाला होता? आणि रेघ मारून झालीय. पान पुरं झालं."

आई पुन्हा त्यावर बोलली नाही. पण तिच्या मनातून ते गेले नव्हते हे पुढच्या हिवाळ्यात कळले. दुसऱ्या गावचे एक मिशनरी साहेब आणि त्यांची मॅडम आमच्याकडे चहाला आली होती. मॅडम नुकतीच मराठी शिकत होती. तिने एकेक शब्द जुळवत आईला विचारले, "तुम्हाला मुले किती?"

आई म्हणाली, "आठ."

बाबा हसत म्हणाले, "सात, मॅडम. सात."

आईने कपबश्या उचलल्या आणि ती आत गेली. साहेबांना मात्र सात ऐकून आनंद झाला. ते बाबांना म्हणाले की सात ही देवाची संख्या आहे. सृष्टीचे दिवस सात, यरीहो शहराभोवतीच्या प्रदक्षिणा सात, प्रकटीकरण या शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकातले शिक्के सात. एवढेच नव्हे, तर शास्त्राच्या मूळ भाषांत शब्दांची आणि अक्षरांची मोजदाद केली तर पानोपानी साताच्या पटीतले आकडे गुप्तपणे विणलेले सापडतात, आणि कुठलाही मनुष्य ते मुद्दाम करू शकणार नाही. पिशवीतून त्यांनी एक पातळ इंग्रजी पुस्तिका काढून बाबांना दिली. बाबांनी ती उभ्या-उभ्याच वाचायला घेतली. साहेब निघाले तेव्हा त्यांना पोचवायला जायचेही ते विसरले.

त्यापुढचे वर्ष आमच्या घरात सातांचे होते. शाळा सुटली की बाबा अंगणातल्या सतरंजीवर बसत. पुढे पितळी परात, बिस्किटांच्या डब्यात चिंचोके, आणि शेजारी मी, कारण माझी नजर चांगली होती आणि मला मोजताना कंटाळा येत नसे. ते एकेक शब्द वाचत, मी शब्दागणिक एक चिंचोका परातीत टाकत असे, आणि ओवी संपली की आम्ही चिंचोक्यांचे सातासातांचे पुंजके करत असू. काही उरला नाही की बाबा डोळे मिटून घेत. एखाददुसरा उरला की पुन्हा पहिल्यापासून. दोन-तीन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आले की हे मराठी शब्द आहेत, भाषांतर करणाऱ्या पंडितांनी ठेवलेले, आणि त्यांची मोजदाद करून देवाच्या मनातले काही कळायचे नाही. ते खट्टू झाले, पण दोनच दिवस. "शब्द भाषेगणिक बदलतात, मार्था," ते म्हणाले. "माणसं बदलत नाहीत. आपण नावं मोजू."

अव्वा ओसरीवर लसूण सोलत बसलेली असे. "अरं योहाना, शाळंतली पोरं मोजून झाली न्हवं? आता चिंचोकं व्हय?" ती बाबांना विचारायची.

"अव्वा, हे देवाचं गणित आहे."

"देव कशाला मोजंल? त्याला समदं दिसतंय की."

बाबांना राग येत नसे. त्या वर्षी ते फार आनंदात होते हे मला लिहून ठेवायचे आहे, नाहीतर तुम्हाला वाटेल की ते कुणी विक्षिप्त गृहस्थ होते. ते सकाळी गुणगुणत उठत. वर्गात कधी नव्हे ते विनोद करत. शास्त्राच्या आत एक शिस्त आहे, आपल्या गरीब घरातल्या परातीत ती दिसू शकते, या विचाराने त्यांचा चेहरा उजळून निघे. मी पुढे इंग्रजी घेऊन शिकले, जन्मभर शाळेत ते शिकवले, माझी कपाटे आणि माझे हिशेब तुम्ही पाहिलेले आहेत. ते सगळे त्या सतरंजीवर सुरू झाले.

नावे मोजायला त्यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घेतला. त्यात येशूची वंशावळ आहे, आणि शेवटी मत्तय स्वतःच हिशेब देतो: अब्राहामापासून दावीद राजापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून त्याचे लोक परक्या देशात देशोधडीला लागले तोपर्यंत चौदा, तिथून ख्रिस्तापर्यंत चौदा. चौदा म्हणजे सातच्या दुप्पट. बाबांनी साहेबांना लिहिले की नाताळच्या कीर्तनात मी ही वंशावळ घेणार आणि साताचे रहस्य मराठीत प्रथमच मांडणार. साहेबांचे उलट उत्तर आले की मी स्वतः ऐकायला येईन, आणि पसंत पडले तर तुमच्या नावाने छापून सगळ्या मराठी मंडळ्यांत वाटू. ते पत्र बाबांनी आईला दोनदा वाचून दाखवले. आई "छान" म्हणाली.

मग आम्ही चिंचोके मांडले. पहिली ओळ चौदा. दुसरी ओळ चौदा. तिसरी ओळ तेरा.

पुन्हा मांडली, तेरा. बाबा वाचताना चुकत असतील म्हणून मी वाचले आणि त्यांनी मांडले. तेराच. आई शेजारी सुपात ज्वारी निवडत होती. तिने वर न पाहता म्हटले, "चौदावी जागा मरीयेला द्या की. तिचं नाव आहे ना तिथं?"

"वंशावळीत बायका मोजत नाहीत," बाबा म्हणाले.

"नाव लिहितात आणि मोजत नाहीत?"

"तशी रीत आहे."

"आणि नाव लिहिलंच नाही, तर?"

बाबांनी मान वर केली. आई सूप पाखडायला लागली होती. 

तिसऱ्या ओळीतले एक नाव मधूनच कुठे गळले असावे, असे बाबांनी धरले. ते शोधायला त्यांनी जुन्या करारातल्या राजांच्या वंशावळी काढल्या आणि मत्तयाच्या यादीशी ओळीने ताडायला घेतल्या. मी एका बोटाने इकडचे नाव धरून बसले होते, ते तिकडचे वाचत होते. मधल्या ओळीत योरामापर्यंत सगळे जुळले. योरामानंतर मत्तयात उज्जीया होता. जुन्या यादीत मात्र योराम आणि उज्जीया यांच्यामध्ये आणखी तीन राजे निघाले, एकामागून एक, बाप, मुलगा, नातू: अहज्या, योवाश, अमस्या. तिघेही राज्य करून गेलेले. मत्तयाने ते घेतलेच नव्हते. एक हरवलेला शोधायला आम्ही निघालो होतो आणि तीन भलतेच सापडले.

मी विचारले, "हे तिघे घातले तर मधली ओळ किती होईल?"

"सतरा."

"मग चौदा कसे आले?"

बाबांनी डब्यातून तीन चिंचोके काढले आणि हातात धरून ठेवले. त्या दिवशी आम्ही पुढे काही मोजले नाही.

 दोन-तीन दिवसांनी शाळेच्या कपाटात त्यांना एका जुन्या टीकाकाराचा इंग्रजी ग्रंथ सापडला आणि त्यात कारण मिळाले. योरामाची बायको दुष्ट राणी होती, परक्या देवांना भजणारी. म्हणून तिची संतती तीन पिढ्यांपर्यंत यादीतून काढून टाकली. आणि दोन ओळींच्या सांध्यावरचे नाव दोन्हींकडे मोजले की तिसरी ओळही चौदाची होत होती. बाबांचा जीव भांड्यात पडला. जेवताना त्यांनी ते सगळ्यांना समजावून सांगितले. आई ऐकत होती, वाढत होती. अव्वा म्हणाली, "आजी वंगाळ म्हणून नातू न्हाई? मग माझ्यापायी तुमी समदे बी गळाला की रे!" आम्ही मुले हसलो. बाबाही हसले. कीर्तनाची तयारी पुन्हा जोरात सुरू झाली.

नाताळच्या थोडे आधी कुंभारीहून मल्लाप्पाकाकांचा निरोप आला की हुरडा आला आहे, या. मल्लाप्पाकाका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. धर्म दोन झाले तरी हुरड्याला बोलावणे चुकले नव्हते. बाबांना त्यांना कीर्तनाचे आमंत्रणही द्यायचे होते. त्यांनी मला बरोबर घेतले. काकांनी शेतात आगटी पेटवली होती. गरम कणसे हातावर चोळून ते हिरवे, गोड दाणे आमच्या पुढ्यात टाकत होते आणि काकू दर वेळी चटणीचा गोळा वाढत म्हणत होती, "खा गं पोरी, शेरातली पोरं लई वाळकी."

आमचे खाणे चालू असताना बांधावरून घंटेचा आवाज आला. एक म्हातारा सजवलेल्या बैलावर बसून येत होता. काका उठले, घोंगडी अंथरली. "हेळवी आला," ते मला म्हणाले. हेळवी म्हणजे घराण्यांची वंशावळ तोंडपाठ असणारे लोक. सुगीच्या दिवसांत ते गावोगाव बैलावरून फिरतात, ज्याच्या त्याच्या दारात त्याच्या पूर्वजांची नावे म्हणून दाखवतात आणि सुपाने धान्य घेऊन पुढे जातात. बाबा एकदम सावरून बसले. "नीट ऐक मार्था," ते मला हळूच म्हणाले. "मत्तयानं हेच केलंय."

म्हाताऱ्याने कानावर हात ठेवला आणि सुरू केले. अर्धे कानडी, अर्धे मराठी, एका संथ चालीवर. कुठल्या डोंगरावरून आले, कुठल्या तळ्यावर उतरले, अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. बाबांची बोटे मांडीवर हलत होती. ते पिढ्या मोजत होते. काका डोळे मिटून ऐकत होते. मग ओळखीची नावे आली. "रामण्णाचा सिद्राम. सिद्रामाचा बिराप्पा. बिराप्पाचा मल्लाप्पा, धनगोताचा धनी..."

बाबांची बोटे थांबली. सिद्राम म्हणजे त्यांचे आजोबा. सिद्रामाला दोन मुलगे होते, थोरला बिराप्पा आणि धाकटा भीमा. भीमा म्हणजे माझे आजोबा.

म्हाताऱ्याचे संपल्यावर बाबांनी विचारले, "सिद्रामाला दोन मुलगे होते ना?"

"व्हते," हेळवी म्हणाला.

"मग धाकट्याचं नाव?"

"त्येनं देव सोडला, वाट सोडली. त्येला आमी म्हणत न्हाई. माझ्या बानं बी म्हटलं न्हाई."

काका मध्ये पडले. "आरं, त्येचाच ल्योक हितं बसलाय न्हवं? घे की नाव, तुझं काय जातंय?"

"तुमचं घर हाय मालक, तुमी म्हनाल तसं. पर मदीच नाव घुसवलं की चाल मोडती. लई पिढ्यांचं बसलेलं हाय त्ये." म्हातारा रागात नव्हता. बाबांकडे बघून तो थोडा ओशाळल्यासारखाही झाला. "मास्तर, वाईट वाटून घिऊ नगा. त्यो गेला म्हणजे मागचं समदं गेलं. तशी रीतच हाय."

बाबा म्हणाले, "पण जन्मला तर होता ना?"

हे त्यांनी मोठ्याने म्हटले. वर्गातल्या आवाजात. मग त्यांच्या तोंडावर जे आले ते मी त्यापूर्वी पाहिले नव्हते. काकांना वाटले त्यांना अपमान झोंबला. ते हेळव्यावर ओरडायला लागले. बाबांनी त्यांना हाताने थांबवले, स्वतः उठून सूपभर ज्वारी म्हाताऱ्याच्या झोळीत ओतली आणि म्हणाले, "छान म्हणता तुम्ही." कीर्तनाचे आमंत्रण द्यायचे राहूनच गेले.

 परत येताना गाडीत मी हुरड्याची पुरचुंडी मांडीवर घेऊन बसले होते. दिवेलागणीच्या सुमाराला घरी पोचलो. मागची गल्ली अजून खटखटत होती. आई चुलीपुढे भाकऱ्या करत होती, अव्वा जवळ बसून योनाला भरवत होती. बाबांनी पायही धुतले नाहीत. इरकलीच्या फडक्यातून त्यांनी शास्त्र काढले, पहिले पान उघडले, दौत जवळ घेतली आणि विचारले, "तिचं नाव काय ठेवलं होतंस?"

कुणाचे ते त्यांनी सांगितले नाही, आणि आईनेही विचारले नाही. तिचे हात पिठात होते.

"हन्ना."

"कधी ठेवलंस?"

"पोटात होती तेव्हाच."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाही."

अव्वा मान खाली घालून म्हणाली, "मला ठावं हुतं." मलाही ठाऊक होते. आई धुणे वाळत घालताना कधीकधी ते नाव घ्यायची. बाबांनाच तेवढे माहीत नव्हते.

त्यांनी लाल रेघांच्या खाली, जिथे जागा अरुंद होती तिथे, काळ्या शाईने लिहिले: हन्ना. इतरांच्या नावापुढे बाप्तिस्म्याची तारीख होती. तिथे त्यांनी एकच शब्द लिहिला, जन्मली. आई हात न धुताच उठून आली. ती मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकलेली होती, तिला चांगले वाचता येत असे. तिने वाकून ते वाचले. बोटाला पीठ होते म्हणून पानाला हात लावला नाही. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली आणि अव्वा कानडीत ओरडायला लागली. आई हसायला गेली आणि रडली. बाबा तिच्याजवळ उभे राहिले. त्या काळी नवराबायको मुलांसमोर एकमेकांजवळ उभी राहत नसत. म्हणून मला ते आठवते.

नाताळच्या दुपारी चर्च भरले होते. साहेब आणि मॅडम पहिल्या बाकावर होती. बाबांनी वंशावळच लावली, पण साताविषयी किंवा चौदाविषयी ते काही बोलले नाहीत. त्यांनी नुसती नावे म्हटली, अब्राहामापासून, चालीवर, आणि योरामाशी आल्यावर अहज्या, योवाश, अमस्या हे तिघेही त्यात घेतले. मृदंगवाले आधी बसवलेल्या हिशेबाने वाजवत होते. ते समेवर आले तेव्हा बाबा अजून नावे घेत होते. मृदंगवाल्यांनी चमकून पाहिले आणि हात आवरून ते पुढच्या समेची वाट पाहत राहिले. मग बाबांनी त्या वंशावळीत आलेल्या बायकाही घेतल्या: तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको आणि मरीया. बायकांच्या बाजूला आई बसली होती, डोक्यावर पदर, मांडीवर योना. आमच्या सगळ्यांना करंज्यांचा वास येत होता आणि कीर्तन कधी संपते याची आम्ही मुले वाट पाहत होतो.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "मास्तर, सातांचे काय झाले? हिशेब चुकला का?"

"हिशेब बसतो, साहेब," बाबा म्हणाले. "काही माणसं सोडून दिली की बसतो. ती सोडणं मला जमलं नाही."

साहेबांना ते आवडले नाही. हा श्रद्धेचा अभाव आहे असे ते इंग्रजीत म्हणाले. मला तेवढे इंग्रजी तेव्हा कळत होते. ते कीर्तन छापले गेले नाही आणि बाबांचे नाव कुठे पसरले नाही. साहेब पुन्हा आमच्याकडे चहाला आले नाहीत. बाबांना याचे दुःख झाले. काही महिने ते कीर्तनालाही उभे राहिले नाहीत. शास्त्र मात्र ते रोज वाचत, पूर्वीपेक्षा हळू. मुले किती असे कुणी विचारले, तर आईच्या आधी तेच सांगत, आठ.

पुढे शिकताना मी त्या चौदा-चौदा-चौदाची पुष्कळ स्पष्टीकरणे वाचली. काहींच्या मते मत्तयाने पाठांतराला सोपे जावे म्हणून तसे केले. काहींच्या मते दावीदाच्या नावातल्या हिब्रू अक्षरांच्या अंकांची बेरीज चौदा होते म्हणून. मला ती सगळी पटतात आणि त्यांच्यामुळे माझ्या श्रद्धेला काही धक्का लागला नाही. मत्तयावर माझा रागही नाही. रीना, तुझ्या चित्रात आठ फांद्या काढ. शाळेतल्या बाईंनी विचारले तर आठवीवर नुसते हन्ना लिही. पुढे काही लिहायची गरज नाही.

ते शास्त्र शमुवेलदादाकडे होते. त्याच्या पुण्याच्या घरात वाळवी लागली आणि कपाटातल्या बाकी पुस्तकांबरोबर ते गेले. हन्नाला पुरले ती जागा आता ओळखू येत नाही. तिथे लहान मुलांसाठी दगड लावत नसत. विणकरांच्या गल्लीत यंत्रमाग आले आणि मिशनचे ते आवार पाडून तिथे दुसरी इमारत उभी राहिली. आम्हा आठांपैकी आज दोघे आहोत. मी सोलापुरात आहे, आणि योना नागपूरला आपल्या मुलीकडे असतो.